वटवाघळाचं अंडं

नातीला सिनेमाला नेणं ही मुळात इतकी लहान गोष्ट आहे, की तिच्यासाठी सोसायटीची सभा भरेल, ठराव मांडला जाईल आणि त्याला विरोधही होईल, असं कुणी मला आधी सांगितलं असतं तर मी त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असता. पण घडलं तसंच. आणि शेवटी जे घडलं ते सांगायला मी इतका उतावीळ आहे, की मधलं सगळं गाळून टाकावंसं वाटतंय. पण मी मास्तर आहे. धडा मधूनच सुरू करणं मला जमत नाही.

आमची नात दुसरीत आहे. घरात तिला आम्ही मॉनिटर म्हणतो, कारण चालायला लागल्यापासून ती आम्हा सर्वांवर लक्ष ठेवून आहे. तिचा जीव एका कार्टून चित्रपटमालिकेत गुंतलेला आहे. जंगलातलं पोस्ट ऑफिस हा त्या मालिकेचा विषय. नायक साळिंदर. तो पोस्टमन आहे आणि पत्रं पाठीवरच्या काट्यांना टोचून घरोघरी नेतो. पोस्टमास्तर पाणघोडा. तो पत्रांवर शिक्का मारत नाही, पत्रांवर बसतो. पत्रं निवडायच्या खोलीत तीन वटवाघळं उलटी लटकून पत्ते उलटे वाचतात, त्यामुळे सगळं टपाल चुकीच्या घरी जातं आणि कथा पुढे सरकते. मगर खलनायिका. आणि हे सगळे प्राणी बोलतात. सतत बोलतात. माझ्या वर्गात बसले असते तर मी त्यांना वेगवेगळ्या बाकांवर बसवलं असतं.

इथवर ठीक होतं. पण लोकांना वटवाघळं आवडली, म्हणून त्यांचा वेगळा सिनेमा निघाला. त्या सिनेमात एक बेडूक एकदाच हसला, तर त्याच्या हसण्यावर अख्खी मालिका निघाली. सुट्टीसाठी एक खास भाग आला, त्यात मगर सुधारली. पुढच्या भागात ती पुन्हा बिघडली आणि सुधारल्याचं कुणालाच आठवेना. मग सगळ्या प्राण्यांना लंगोट घालून पाळणाघरात बसवणारी मालिका आली. तिच्यात साळिंदर आणि पाणघोडा एकाच पाळण्यात झोपतात. आता, पहिल्या भागात हे दोघे पोस्टाच्या दारात पहिल्यांदा भेटतात आणि एकमेकांना नाव विचारतात! मी ही गोष्ट मॉनिटरच्या नजरेस आणून दिली.

ती म्हणाली, "विसरले असतील."

हेही मी गिळलं. पण त्याच मालिकेत एक अंडं फुटलं आणि त्यातून वटवाघळाचं पिल्लू बाहेर आलं.

मी खुर्चीतून उठलो. आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलेल्या माणसासमोर असं काही घडलं, तर बसून राहणं शक्य नसतं.

"वटवाघळं अंडी घालत नाहीत! ती सस्तन आहेत! पिल्लांना दूध पाजतात!"

"आजोबा, बसा. दिसत नाहीये."

"अगं पण अंडं!"

मॉनिटरने टीव्ही थांबवला आणि माझ्याकडे वळून बसली. "वटवाघूळ बोलतं, ते चालतं तुम्हाला?"

"ती कल्पना झाली."

"मग अंडं?"

"ती चूक झाली."

"म्हणजे खोटं बोललेलं चालतं, पण अंडं घातलेलं नाही," ती म्हणाली. लगेच तिने निकालही लावला. "नवीन भागाला मी वरच्या काकूंबरोबर जाणार. त्या मधे बोलत नाहीत."

"त्या झोपतात!"

"हो, पण गप्प झोपतात."

वरच्या मजल्यावरच्या काकू सज्जन आहेत, पण बेडूक आणि पाल यांतला फरक त्यांना ओरडण्यावरूनही सांगता येत नाही. त्यांच्यासाठी माझी नात मला सोडणार! त्या दिवशी मी जेवलो, पण नेहमीपेक्षा गंभीरपणे जेवलो. आमच्या हिच्या ते लक्षात आलं नाही, म्हणून मग मी ते बोलूनही दाखवलं.

सूनबाईने तोडगा काढला. "बाबा, परीक्षा द्या. एक अख्खा सिनेमा न बोलता बघा. जमलं तर तुम्हीच न्या तिला."

हजारो मुलांच्या परीक्षा घेतलेला मी, माझ्याच दिवाणखान्यात परीक्षेला बसलो. मॉनिटर समोर स्टूल टाकून पडद्याकडे पाठ आणि माझ्याकडे तोंड करून बसली. मी बराच वेळ टिकलो. मग पाणघोडा नदीत सूर मारून झकास पोहू लागला. पाणघोडा पोहत नाही, तो तळावरून चालतो. मी हे बोललो नाही. फक्त घशातून थोडा आवाज निघाला.

"नापास."

फेरपरीक्षेच्या वेळी आमच्या हिने पेपरमिंटची एक भली मोठी गोळी माझ्या तोंडात सरकवली. "चघळायची नाही, नुसती धरायची," ती म्हणाली. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात हा उपाय तिला आधी कसा सुचला नाही, याचं तिलाच वाईट वाटत असावं. गोळी उपयोगी पडली. साळिंदराने मगरीवर लांबून काटे बाणासारखे फेकले. साळिंदर काटे कधीच फेकत नाही; पण माझे गाल फक्त फुगले आणि मी पास झालो.

"थिएटरमध्येपण गोळी," मॉनिटरने अट घातली. "मी सांगेपर्यंत काढायची नाही. आणि एकदा जरी बोललात, तर यापुढे नेहमी काकू."

मी शब्द दिला. इथे प्रकरण संपायला हवं होतं.

पण संध्याकाळी आमच्या इमारतीची मुलं माझ्याकडे अभ्यासाला येतात. पाढे, गोष्टी, झाडाखालच्या मुंग्या, असं आमचं जे सुचेल ते चालतं. मला ती मास्तर आजोबा म्हणतात. त्यांना बातमी लागली. दुसऱ्या दिवशी त्यांचे आईबाप एकेक करून दारात आले. "तुम्ही जाताच आहात तर..." अशी प्रत्येकाची सुरुवात होती. रविवारची दुपार मोकळी मिळणार या आनंदाने त्यांचे चेहरे इतके उजळले होते, की मला नाही म्हणवेना. वरच्या काकूंना मुलं नाहीत, तर त्यांनी सल्ले आणले. मुलांना दोरी धरून चालवा. थिएटरात थंडी असते, स्वेटर घाला. खुर्ची मिटते, बारकी मुलं तिच्यात अडकतात, त्यांच्या मांडीवर जड काहीतरी ठेवा. "जड म्हणजे काय ठेवू?" मी विचारलं. "अहो, शब्दकोश वगैरे असेल की तुमच्याकडे!"

तिकिटाच्या खिडकीतल्या बाईंनी मोठ्या घोळक्यासाठी वेगळा नियम असल्याचं सांगितलं. "एवढी मुलं एका माणसाबरोबर सोडत नाही आम्ही. संस्थेचं पत्र आणा."

"मीच शिकवतो यांना."

"तुम्ही संस्था आहात का?"

माझे काही विद्यार्थी मला संस्था म्हणत. पण ते तिथे हजर नव्हते.

आमच्या आसपास संस्था एकच, आमची सोसायटी. आणि सोसायटी म्हणजे सेक्रेटरी. पाण्याच्या टाकीवरच्या सूचनेतली त्यांची वाक्यरचना मी नुकतीच लाल पेनने दुरुस्त केली होती, त्यामुळे आमचे संबंध जरा ताणलेले होते. त्यांनी मला उभं ठेवून ऐकलं आणि म्हणाले, "हा विषय सभेपुढे ठेवावा लागेल."

सभा भरली. सिनेमा हा शैक्षणिक कार्यक्रम आहे की करमणुकीचा, यावर तास गेला. भाडेकरूंची मुलं सोसायटीची मुलं आहेत का, यावर दुसरा गेला. कुणीतरी गच्चीच्या गळतीचा विषय काढला. "हा विषय आजच्या सभेपुढे नाही," सेक्रेटरी म्हणाले. हे वाक्य ते इतक्या गोडीने म्हणतात, की काही सभासद केवळ ते ऐकायला भलतेच विषय काढतात. अखेर काहींच्या विरोधासह ठराव मंजूर झाला आणि त्याला शेपूट लागलं: निरीक्षक म्हणून सेक्रेटरी स्वतः सोबत येतील. निरीक्षण कुणाचं, हे ठरावात नव्हतं. त्यांच्या नजरेत होतं.

रविवारी आम्ही निघालो. मुलं, आमची ही, सेक्रेटरी, आणि गालात गोळी घेतलेला मी. दोरी नव्हती. शब्दकोश मात्र होता. काकूंनी जिन्यात उभं राहून तो पिशवीत घालायला लावला.

पहिला घोळ दारातच झाला. आमच्या काही मुलांनी साळिंदर व्हायचं म्हणून पाठीवर खराट्याच्या काड्या बांधल्या होत्या. थिएटरचा रखवालदार म्हणाला, "टोकदार वस्तू आत नेता येणार नाही." साळिंदरांनी गळा काढला. मला बोलायची बंदी. मग मी खुणांनी दाखवलं, की शांत साळिंदराचे काटे पाठीला चिकटून असतात, तसे आडवे पाडून बांधा. हातवारे पाहून रखवालदार सेक्रेटरींना म्हणाला, "यांना काय होतंय? डॉक्टरला बोलवू का?" काट्यांच्या जुड्या बांधून त्याच्याकडे जमा कराव्या लागल्या. मॅनेजर धावत आले. टाय लावलेले, घामाने डबडबलेले. "आजोबा, मुलं तुमची जबाबदारी. आवाज नको, उठाबशी नको. तुम्ही सगळ्यात पुढे बसा, म्हणजे मला दिसाल." मला पहिल्या रांगेत बसण्याचा मान असा मिळाला.

थिएटर गच्च भरलं होतं. सिनेमा सुरू झाला. पोस्टात एक भलं मोठं अंडं येतं, त्याच्यावर पत्ता नाही, फक्त एक मोठं तिकीट चिकटवलेलं. ते अंडं मालकाकडे पोहोचवायला साळिंदर निघतो. त्याच्या पिशवीत एक बारकुडा हिरवा प्राणी लपलेला असतो. तो बोलत नाही, जाता जाता पत्रांवरची तिकिटं खातो आणि पोरांना हसवतो. मागे मगर लागलेली. तिकडे तिन्ही वटवाघळं "आमचं अंडं, आमचं अंडं" म्हणून रडताहेत.

आमचं अंडं! मी गोळी दोन्ही बाजूंनी दाबून धरली. मॉनिटर माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत दया नव्हती.

आणि अर्ध्यावर आवाज गेला.

चित्र चालू, आवाज ठप्प. साळिंदर तोंड हलवतोय, पाणघोडा हातवारे करतोय. बोलणारे प्राणी मुके झाले. मग मागे एक तान्हं रडलं, त्याचं बघून दुसरं, आणि बघता बघता सगळं थिएटर रडू, ओरडू आणि पॉपकॉर्न फेकू लागलं. सेक्रेटरी दचकून जागे झाले. मॅनेजर पडद्यापुढे येऊन हात जोडत म्हणाले, "दुरुस्ती चालू आहे! चित्र थांबवलं तर पुन्हा पहिल्यापासून लावावं लागेल! शांत राहा!" त्यांच्या कपाळावर एक पॉपकॉर्न बसला.

भेदरलेली पोरं समोर दिसत असताना गप्प बसणं हा काय छळ असतो, हे मास्तरलाच कळेल. मला सांगता येत होतं. पडद्यावर काय चाललंय ते मला उघड दिसत होतं. माझे गाल थरथरू लागले. पण मी शब्द दिला होता.

माझ्या हनुवटीखाली एक छोटा तळहात आला.

"गोळी काढा," मॉनिटर म्हणाली. "आणि बोला."

मी गोळी तिच्या हातावर ठेवली, उठून भिंतीशी गेलो आणि वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचायचा तो माझा जुना आवाज बाहेर काढला. पडद्यावर पाणघोडा तोंड उघडत होता. मी म्हटलं, "शांतता! पोस्टात गोंगाट करणाऱ्याच्या पत्रावर मी स्वतः बसेन!"

थिएटर थबकलं. मग एक मूल हसलं, आणि सगळीच हसली.

मग मी सुटलो. साळिंदराला चिरका आवाज दिला, बेडकाला घोगरा. वटवाघळं अंड्याला मिठी मारायला आली तेव्हा मी थांबलो. ही माझी वेळ होती. "ए बायांनो," मी साळिंदराच्या आवाजात म्हणालो, "तुम्ही अंडी कधीपासून घालायला लागलात?" पडद्यावर वटवाघळं ढसाढसा रडत होती. मी त्यांच्या आवाजात गळा काढला, "तेच तर दुःख आहे! आम्हाला अंडं घालताच येत नाही हो! आम्ही पिल्लांना दूध पाजतो! हे अंडं आमचं नाही!"

"मग कुणाचं?" मागून कुणीतरी ओरडलं.

"शहामृगाचं!"

"कासवाचं!"

पडद्यावर मगर जिवाच्या आकांताने अंड्यामागे धावत होती. आणि माझ्या मागून एक खणखणीत आवाज आला. आमची ही उभी होती. "अरे थांबा रे मेल्यांनो! खायला नाही आले मी! माझं बाळ आहे ते!"

असा आवाज तिने कुठे कमावला, ते मी विचारलेलं नाही.

इतके भाग, इतके उपभाग, सुट्टीचे, पाळण्याचे, आणि मगर इतकी वर्षं का चिडलेली होती हे कुणी विचारलंच नव्हतं. पडद्यावर मगरीने अंडं जबड्यात उचललं. पोरं किंचाळली. "घाबरू नका," मी म्हणालो, "मगर आपलं बाळ तोंडातूनच नेते. दात लागू देत नाही." लगेच एक गिधाड आडवं आलं, पंख पसरून काहीतरी बजावू लागलं. त्याला आवाज द्यायला माझ्याकडे आवाज उरला नव्हता. तेवढ्यात मागून शांतपणे ऐकू आलं, "हा विषय आजच्या सभेपुढे नाही."

सेक्रेटरींना जी दाद मिळाली, ती त्यांना कोणत्याही सभेत मिळालेली नसेल. त्यांनी उभं राहून ती स्वीकारली.

आणि आवाज परत आला. खर्र करून मगर गरजली, "खाऊन टाकेन अंड्याला!" वटवाघळं रडली, "आमचं अंडं!" सगळं थिएटर एका सुरात ओरडलं, "ती आई आहे!" आमची मुलं खुर्च्यांवर उभी राहून ओरडत होती, "वटवाघळं अंडी घालत नाहीत!" मग मागच्या रांगांतून सुरू झालं, "आवाज बंद करा! आजोबा! आजोबा!"

मॅनेजरांनी माझ्याकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं, कपाळ पुसलं आणि वर हात करून खूण केली. आवाज बंद झाला.

विजय इतका मोठा होता, की मी जरासा छाती काढून उभा होतो. तेवढ्यात पडद्यावर अंड्याला तडा गेला. या लोकांचा इतिहास मला ठाऊक होता. तडा वाढला. टवके उडाले. आणि दोन मोठे, काळे, टोकदार कान बाहेर आले.

वटवाघळाचं पिल्लू.

सगळं थिएटर माझ्याकडे बघू लागलं. माझं जीवशास्त्र सर्वांदेखत त्या अंड्यातून बाहेर येऊन डोळे मिचकावत होतं. मी तोंड उघडलं. काही आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच, वर्गापुढे उभं राहून, काहीही आलं नाही. मगर पडद्यावर वाट बघत होती.

"अय्या, सापडलो वाटतं मी!"

बारीक, मिस्किल आवाज. मॉनिटर खुर्चीवर उभी होती, मुठीत माझी गोळी घट्ट धरून.

"मी यातला नाहीच्चे! बाहेर थंडी होती म्हणून आत येऊन झोपलो होतो. त्या तिकिटाखाली भोक आहे ना, तिथून शिरलो. मगरआजी, तुमचं बाळ कधीच बाहेर आलं त्या भोकातून! ते काय, साळिंदराच्या पिशवीत! तिकिटं खातंय!"

पडद्यावर त्याच वेळी त्या हिरव्या बारकुड्याने पिशवीतून डोकं वर काढलं. थिएटर फुटलं. पोरं टाळ्या पिटत होती, आईबाप पिटत होते, मागचं तान्हं पुन्हा रडलं, पण या वेळी कुणाचं लक्ष नव्हतं. मी मॉनिटरकडे बघत राहिलो. इतके दिवस मला वाटत होतं, कल्पना तिच्याकडे आणि शास्त्र माझ्याकडे. तिने दोन्ही एका तिकिटाखाली बसवली होती.

बाहेर मॅनेजरांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. "सर, पुढच्या शोलाही थांबाल का? लोक विचारताहेत." मगाशी मी आजोबा होतो. मी नम्रपणे नाही म्हणालो, थोडा वेळ लावून. सेक्रेटरी पुढच्या शोच्या रांगेतल्या मुलांना गिधाडाचं वाक्य म्हणून दाखवत होते. रखवालदाराने काट्यांच्या जुड्या परत केल्या आणि साळिंदरांच्या पाठीवर स्वतः बांधल्या, नीट, पाठीला चिकटवून. शब्दकोश पिशवीतून निघालाच नव्हता.

नंतर कळलं, की पुढच्या शोला गेलेल्या पोरांनी तक्रार केली. मगर भलतंच काहीतरी बोलत होती म्हणे.

घराच्या जिन्यात वरच्या काकू उभ्या होत्या. "कसा झाला सिनेमा? मधे बोलले का गं आजोबा?"

मॉनिटरने मूठ उघडली. चिकट झालेली गोळी तिथेच होती. तिने ती खिशातल्या कागदात गुंडाळून काकूंच्या हातावर ठेवली.

"ही तुम्हाला," ती म्हणाली. "आजोबांना आता लागणार नाही."